पानं उलटणारी

स्टेजवर आम्ही चौघं असतो.
पत्रिकेत नावं तीनच.
पियानो सलोमी रणभिसे, व्हायोलिन जुनैद शाबादी,
चेलो गुरुशांत हत्तुरे.
मी सलोमीच्या डाव्या हाताला, लाकडी स्टुलावर,
काळा ड्रेस, बांगड्या पर्समध्ये,
कारण बांगड्या वाजतात.

मला नोटेशन वाचता येत नाही, असं मी सांगायची.
पण नायना जेकार्डचे पत्ते पाडायचे.
पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सुई आत शिरते,
दोरा उचलला जातो, चादरीवर मोराची मान येते.
भोक नसेल तिथं काही होत नाही,
आणि ते काही न होणंसुद्धा
नायनांनी मोजून ठेवलेलं असतं.
सलोमीनं पहिल्यांदा विराम दाखवले
तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर कोरी जागा, पत्त्यातली.
तेव्हापासून मोजते, मनात, तेलुगूत:
ओकटी, रेंडु, मूडुला उठायचं,
पानाचा वरचा कोपरा धरायचा,
नालुगुला पान पलीकडे.

चर्चमागच्या हॉलमधला पियानो मे महिन्यात आक्रसतो.
त्याच्या पोटाखाली आम्ही पाण्याची घमेली ठेवतो.
मांजर येऊन त्यातलं पिते.
ट्यूनर पुण्याहून वर्षातून एकदा,
येण्याजाण्याचं भाडं देऊन.

पुण्याच्या एसटीत कंडक्टरनं
चेलोच्या पेटीकडे बघून विचारलं,
पेशंट आहे काय?
गुरुशांत म्हणाला, हो.
मग खिडकीशी बसवा की ओ, वारं लागू दे.

जुनैद अक्कलकोट रोडच्या लॉन्सवर वाजवतो,
पंगती चालू असताना,
एका हाताच्या अंतरावर जिलेबीचं ताट.
सलोमी शाळेत बत्तीस पोरांना
एका कीबोर्डवर शिकवते. त्याचा एक काळा सूर मुका आहे.
पोरं तिथं तोंडानं आवाज काढतात.

गुरुशांतच्या आप्पांनी दोन माग विकले,
त्यातून चेलो.
उरलेले चार रात्रभर चालतात.
हंगेरीला पाठवायचं रेकॉर्डिंग त्यानं पहाटे तीनला केलं,
रजया टांगून, दार लावून.
तिकडून पत्र आलं: जागा देतो आहोत.
खाली एक ओळ:
मागे ते तालवाद्य कोण वाजवतं?

जागा एकच होती.
त्यावर आमच्यात कोणी काही बोललं नाही.
जुनैदनं चहा सांगितला, चार.

शेवटच्या कार्यक्रमाला एकेचाळीस माणसं.
त्यातली अकरा हत्तुऱ्यांच्या घरची,
हॉलभर शेंगाचटणीचा वास.
संथ भागात लाइट गेली.
मी डाव्या हातानं मोबाइलचा टॉर्च धरला,
उजवा घामानं ओला,
मूडुला उठले,
आणि दोन पानं एकदम उलटली.

काही झालं नाही.
सलोमी वाजवत राहिली,
जे पान तिच्यासमोर नव्हतं ते.
तिचे डोळे मिटलेले होते.

नंतर पायऱ्यांवर विचारलं,
सगळं पाठ आहे तुला?
दुसऱ्या महिन्यापासून, म्हणाली.
मग मला का बसवतेस?
ती चप्पल शोधत होती.
शेजारी कोणीतरी मोजत असलं ना,
म्हणाली, आणि चप्पल सापडली.

गुरुशांत जाऊन आता सात महिने.
हॉलच्या लाकडी फळ्यांवर
चेलोच्या खिळ्याची भोकं आहेत,
रोज थोडी इकडे, थोडी तिकडे,
कारण तो खुर्ची कधी एका जागी ठेवायचा नाही.
वॉचमनकाका लांबी भरायचं म्हणतात.
मी नायनांना घेऊन गेले.
ते गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला,
बोटानं एकेक भोक चाचपलं,
बराच वेळ.
मग म्हणाले, ह्याचं डिझाइन काय उतरेल
ते मागावर चढवल्याशिवाय
मला नाही सांगता यायचं.